नहराची मिशी

दोन हजार बावीस साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि तोवर पाण्याला भ्यालो नव्हतो. त्या वर्षीच्या माघात भ्यालो. तेच सांगतो.

संपादक साहेबांनी कळवलं होतं की नोकरीत कुठून सुरुवात केली आणि कुठवर पोहोचलात ते लिहा. मी कुठंच पोहोचलो नाही. नहराचा चौकीदार म्हणून लागलो आणि चौकीदार म्हणूनच घरी आलो. मधल्या काळात सायकलची मोटरसायकल झाली, एवढीच बढती. सात मैलांचा एक तुकडा माझ्याकडे होता. तो सिंदी रेल्वे गावाच्या बाजूनं उतरत जातो आणि खालच्या गावाच्या वावरात संपतो. त्या सात मैलांत कुठं बुडबुडा येतो आणि कुठं खेकडा घर करतो ते मी डोळे मिटून सांगेन. शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ नातीनं तपासलं आहे, पण शब्द बदलू दिला नाही. तिनं सगळीकडं 'कालवा' केलं होतं. मी बसून परत 'नहर' केलं. आमच्याकडे कास्तकार कालव्याचं पाणी घेत नाही, नहराचं घेतो.

चौकीदाराचं काम लोकांना वाटतं ते नाही. लोकांना वाटतं, हा माणूस काठी घेऊन फिरतो आणि गेट उघडतो. गेट तर कोणीही उघडेल. खरं काम आहे गवताचं.

नहरात पाणी आलं की शेवाळ येतं, पाणगवत येतं, काठाला लव्हाळा येतो, आणि कुठं जागा दिसली की बेशरमाचं झाड येतं. हे सगळं पाण्याला अडवतं. मधात गवत माजलं तर पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. वरच्या कास्तकाराचं वावर भिजून चिखल होतं आणि टेलच्या, म्हणजे नहराच्या शेवटाच्या, कास्तकाराला नहरात ओली माती तेवढी दिसते. म्हणून टेलचा माणूस गवताचा वैरी.

आमच्या टेलचा असा एक वैरी म्हणजे प्रल्हाद. वावर अगदी शेवटी, तोंड मात्र सगळ्यांच्या पुढं. एका वर्षी हा माणूस बादलीभर शेवाळ घेऊन माझ्या घरी आला आणि ओट्यावर बसून मी जेवत होतो तिथं माझ्या ताटाशेजारी बादली ठेवली.

"घ्या किसनाभाऊ, भाजी करा. पानी तं तुमी देत नाई, हेच पाठवता आमच्याकडं."

मी म्हटलं, "मीठ आणलं काय?"

तो हसला नाही. पण चहा पिऊन गेला. तेव्हापासून आमचं असंच आहे.

आता उलटी बाजू सांगतो. ती मला डोमाजीनं शिकवली. डोमाजी माझ्या आधीचा चौकीदार, माझा गुरूच म्हणा. शिकवायचा म्हणजे बोलायचा कमी. पहिल्या आठवड्यात त्यानं मला वळणाच्या भरावावर नेलं. ही जागा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं इथंच झालं. बाकी ठिकाणी नहर जमिनीत खोदलेला आहे. इथं मात्र जमीन खाली जाते आणि नहर मातीच्या पाळीवर चढवून नेलेला आहे. पाणी वरून वाहतं आणि वावरं दोन पुरुष खाली. त्यात तिथं नहर वळतो. वळणावर पाणी बाहेरच्या पाळीला अंग घासून जातं, जशी बैलाची बंडी वळताना बाहेरच्या चाकावर येते.

डोमाजीनं तुराटीचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचे, दोन तुकडे घेतले. एक नहराच्या मधात टाकला, एक काठच्या लव्हाळ्यात. मधला पळाला. काठचा जागच्या जागी डुलत राहिला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "पान्याले मधात पळू द्याचं, काठाले बसू द्याचं. हात घाल."

मी लव्हाळ्याच्या बुडाशी हात घातला. तिथं पिठासारखा बारीक गाळ बसला होता. पाणी गवतात शिरलं की दमतं, दमलं की अंगावरचा गाळ खाली ठेवतं, आणि त्या गाळात गवत आणखी मूळ सोडतं. पाणी जोरात आलं की लव्हाळा मोडत नाही, आडवा होतो आणि पाळीवर चटईसारखा पसरतो. मग पाणी चटईवरून जातं, मातीवरून जात नाही. आमची माती काळी. वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा, भिजली की साबण. तिला नुसतं पाण्यासमोर उभं केलं तर ती दोन दिवस टिकत नाही.

"हे गवत नाई," डोमाजी म्हणाला. "हे पाळीचं कातडं होय."

म्हणून आमचा नियम होता. मधलं गवत दर वर्षी साफ, पण वळणाच्या बाहेरच्या काठाला हातभर रुंदीची पट्टी ठेवायची. शेंडे छाटायचे, मुळाला हात लावायचा नाही. त्या पट्टीला डोमाजी मिशी म्हणायचा. "नहराची मिशी भादरू नको," हेच त्याचं बोलणं.

आणि डोमाजीनं त्या पाळीच्या खालीच घर बांधलं होतं. लोक म्हणायचे, डोमाजी, वर पाणी खाली तू, येडा झाला काय? तो म्हणायचा, चौकीदाराचं घर पाळीखाली असलं की चौकीदार पाळ पाहते. तो गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्याची बायको, कौतिकावयनी, चार बकऱ्या घेऊन त्याच घरात राहते. लेक सिंदीला दिली आहे. लेक नेहमी म्हणते, माय, इकडं ये. वयनी म्हणते, किसनाभाऊजी आहेत वर.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. मला ते अजून टोचतं.

त्या साली आमच्याकडे शाखेवर एक मॅडम इंजिनियर होत्या. कोकणातल्या. वय माझ्या लेकीएवढं. आल्या तेव्हा मी मनात म्हटलं, समुद्राच्या काठची पोरगी, हिला आमचं एवढंसं पाणी काय समजणार. पहिल्याच फेरीत वळणावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, ही पट्टी मुद्दाम ठेवलीय ना?"

मी म्हटलं, "तुमाले कसं समजलं?"

त्या म्हणाल्या, आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूत गवत उगवतं, पाण्याखाली. लाट त्यात शिरली की मऊ होते आणि वाळू तिथल्या तिथं राहते. होड्यांचे नांगर घासून घासून एका जागचं गवत गेलं, तर पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत तिथली वाळूही गेली. लहानपणी जिथं खेळायचो तिथं आता खडक दिसतो.

मी विचारलं, "आन् शेवाळ?"

"शेवाळाला मूळ नसतं काका. ते खडकाला चिकटून असतं, वाळू बांधत नाही. पण पाण्याचा जोर तेही मोडतं. त्याच्या आडोशाला वाळू बसते."

मी समुद्र पाहिलेला नाही. पण त्या दिवशी मला समुद्र थोडा कळला असं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, समुद्रालेही मिशी असते. ती म्हणाली, जेवा आता.

तर अशी मला गवताची अक्कल होती. अक्कल नसलेल्या माणसानं चूक केली तर त्याला माफी आहे.

पाणी सोडायच्या आठ दिवस आधी रोटेशनची मीटिंग असते. त्यात कोणाला कधी पाणी हे ठरतं आणि सगळे एकमेकांवर ओरडून घेतात. मॅडम त्या दिवशी वर्ध्याला होत्या, म्हणून मीच पुढं बसलो होतो. नहरात तेव्हा पाणी नव्हतं आणि मशीन लावून मधलं गवत काढणं चालू होतं. प्रल्हाद उभा राहिला.

"मशीन मधातलं काढून राह्यली, हे बरं झालं. पन वळनावरचं काठाचं काऊन ठेवता जी?"

मी म्हटलं, "ते पाळीसाठी आहे."

"पाळीसाठी?" त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. "का म्हशीसाठी? सरकारचं पानी, सरकारची पाळ, आन् चारा किसनाभाऊच्या म्हशीचा! तरीच म्हटलं, दूध एवढं घट्ट कसं!"

सगळी मीटिंग हसली. म्हातारे हसले, पोरं हसली, चहा आणणाराही हसला.

साफ खोटं असतं तर मीही हसलो असतो. पण अर्धं खरं होतं. मिशीचे शेंडे छाटले की ते मी मोटरसायकलला बांधून घरी न्यायचो. टाकून देण्यापेक्षा म्हशीनं खाल्ले तर काय वाईट? पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी लाच म्हणून कोणाचा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि इथं चाऱ्याचा चोर ठरलो. डोक्यात राख गेली.

"चाला," मी म्हटलं. "चाला सगळे वळनावर."

दहा-बारा जण आले. मी विळा घेतला. नुसतं कापलं तर म्हणतील, पुन्हा वाढवीन आणि पुन्हा नेईन. म्हणून कापून झाल्यावर फावडं घेतलं आणि वळणाची चाळीस पावलं मुळासकट खणून काढली. मशीनचा ड्रायव्हर झाडाखाली डबा खात होता. तो म्हणाला, काका, द्या मी काढतो. मी त्याला हात लावू दिला नाही. गवताचा ढीग प्रल्हादच्या पायापाशी टाकला आणि म्हटलं, "ने. तुह्या बैलाले घाल."

प्रल्हाद ढीग ओलांडून निघून गेला. गवत नेलं नाही. ते तिथंच वाळलं.

कौतिकावयनी तेव्हा लेकीकडे सिंदीला होती. ती असती तर तिनं मला हाताला धरलं असतं. ती नव्हती हे माझं नशीब समजून मी त्या दिवशी घरी गेलो, यावरून माझ्या मनात काय होतं ते ओळखा.

पाणी सुटलं. पहिल्या दिवशी नहर अर्धा होता, काही दिसलं नाही. मी तीनदा वळणावर जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं. नऊच्या सुमारास पोहोचलो, मोटरसायकल लावली आणि पाळीवर उभा राहिलो. रुपडं बदललं होतं. पाण्याचा रंग काठाकडं चहासारखा होता आणि मधात स्वच्छ. एरवी उलटं असतं. मी तुराटीचे दोन तुकडे घेतले. एक मधात टाकला, एक काठाला. दोन्ही बरोबर पळाले.

मग वाकून पाहिलं. काठाच्या बुडाची माती आत खाल्लेली होती, कोणी भाकरीचा लचका तोडावा तशी. मी पाहत असतानाच खाटेएवढा एक तुकडा हलकेच पाण्यात बसला. आवाजही झाला नाही.

तेवढ्यात खालून हाक आली. कौतिकावयनी. ती आदल्या दिवशीच सिंदीहून परत आली होती.

"ओ किसनाभाऊजी! माह्या अंगनात ओल आली पाहा!"

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. घराच्या मागं पाळीचा पायथा आहे. तिथं मनगटाएवढ्या जागेतून पाणी झिरपत होतं आणि बकऱ्यांच्या खुंट्यापर्यंत आलं होतं.

"वयनी, गिलास आना."

तिनं काचेचा गिलास आणला. का म्हणून विचारलं नाही, कारण ही रीत डोमाजीचीच. पाळ थोडीफार पाझरतेच. पाझराचं पाणी गिलासात धरून उन्हाकडे करायचं. नितळ असेल तर पाळ नुसती घामेजली आहे. गढूळ झालं की समजायचं, पाळीच्या पोटातून माती निघाली. मग जो वेळ राहतो तो तासांत मोजायचा.

मी गिलास उन्हाकडे धरला. नितळ होतं. पण तळाशी तिळाएवढा एक कण होता आणि तो गोल फिरत होता.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, मी निघते. वरच्या गेटला सांगते, पूर्ण बंद करा म्हणून."

"नाई मॅडम! एकदम नाई."

"का? फुटेल ना!"

"एकदम उतरवलं तरी फुटन. पाळ फुगलेली आहे. आतून पान्याचा टेका आहे तवर उभी आहे. टेका एकदम काढला तं ओली माती नहरात बसन, आन् मंग राहीन काय? चार-चार बोटं उतरवा. संध्याकाळपर्यंत."

मग त्या म्हणाल्या, "तोवर धरेल?"

"धरतो," मी म्हटलं. पाळ धरेल असं म्हणालो नाही.

मी पाळीवर चढलो तर समोरून प्रल्हाद आणि तिघं जण दोन मोटरसायकलींवर येत होते. त्यांना वरून गेट उतरवल्याचा फोन गेला होता. गहू दुधात होता, दाणा भरत होता, पाण्याची खरी गरज तेव्हाच.

"काऊन जी!" तो लांबूनच ओरडला. "आमचं टेल आलं की गेट उतरते? आता कोनाची म्हस तहानली?"

मी बोट दाखवलं. त्यानं पाळीचं बूड पाहिलं, मग खाली वयनीचं घर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"काय लागते सांगा," तो म्हणाला.

"पऱ्हाटी."

कपाशी निघाल्यावर जी वाळकी झाडं उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचतात ती पऱ्हाटी. माघात आमच्याकडे ज्याच्या त्याच्या वावरात तिचे ढीग असतात, चुलीसाठी. गवत तर मी खणलं होतं. ते एका दिवसात उगवत नाही. पण पाण्याला काय ठाऊक की समोर जिवंत लव्हाळा आहे का मेलेली पऱ्हाटी? त्याला फांद्यांत शिरून दमायला लावायचं, एवढंच काम. शेजारच्या वावरातून बंडीभर पऱ्हाटी आणली. मालकाला विचारायला वेळ नव्हता, तो नंतर येऊन स्वतःच पेंढ्या बांधायला बसला. मांडीएवढ्या पेंढ्या सुतळीनं आवळायच्या, बुडाकडची बाजू पाळीला, शेंडे पाण्याच्या दिशेनं तिरपे, आणि बाभळीच्या खुंट्यांनी ठोकायच्या. दोन-दोन पावलांवर एक.

ठोकायला पाण्यात उतरावं लागतं. प्रल्हादनं कमरेला दोर बांधला आणि दोराचं टोक कडुनिंबाला.

मी म्हटलं, "मी उतरतो."

"तुमी म्हातारे झाले जी. तुमी बोंबला, मी ठोकतो."

आणि खरंच मी बोंबलत राहिलो. बाराच्या सुमारास मॅडम आल्या. त्यांनी बूट काढले, साडीचा पदर खोचला आणि पेंढ्या पुढं द्यायला लागल्या. खाली वयनी दर थोड्या वेळानं गिलास भरायची आणि वर धरायची. एवढ्या लांबून काय दिसणार? ती ओरडायची.

"नितळ!"

आम्ही पुढची पेंढी ठोकायचो.

"नितळ!"

पुढची.

ऊन माथ्यावरून कलायला लागलं. मी तुराटीचा तुकडा काठाला टाकला. तो पळालाच, पण पेंढीशी अडखळून पळाला. तेवढ्यानंही मला हुरूप आला. आणि तेव्हाच खालून हाक आली नाही. आम्ही सगळे थांबलो. वयनी गिलास उन्हाकडे धरून नुसती उभी होती.

"वयनी?"

"भाऊजी," ती म्हणाली, "चहा झाला."

कसा तरी खाली पोहोचलो. पाझर आता मनगटाएवढा नव्हता, पोटरीएवढा होता. गिलासातलं पाणी तांबूस काळं. मी वयनीला म्हटलं, बकऱ्या सोडा आणि वर चाला. तिनं बकऱ्या सोडल्या. स्वतः हलली नाही.

"चाला म्हनतो न!"

"मंग गिलास कोन पाहीन?" ती म्हणाली.

प्रल्हाद ओल्या कपड्यांनी मागोमाग उतरला होता. तो चिखलाचे गोळे घेऊन पाझर बुजवायला धावला. मी त्याचा हात धरला. इथंच नवखा माणूस घात करतो. पाझर बुजवला की पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि ती वाट मोठी असते. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. वयनीच्या घरची बारदान्याची पोती फाडून पाझरावर पसरली. रस्त्याच्या कामाची गिट्टी पाळीवर पडली होती, ती टोपल्यांनी आणून वर टाकली. पहिल्यांदा बारीक, मग जाडी. मॅडम मला न विचारताच बारीक गिट्टी वेगळी काढून देत होत्या. चाळणीसारखं व्हायला पाहिजे, बुचासारखं नाही.

मग वाट पाहणं. त्यात करायचं काही नसतं. वर पाणी किती बोटं उतरलं ते फोनवरून कळत होतं. खाली वयनी गिलास भरायची, पाहायची आणि ओतून द्यायची. बोलायची नाही. भरायची, पाहायची, ओतून द्यायची. मी तिच्या घराच्या भिंतीकडं पाहत होतो. डोमाजीचा कंदील अजून खिळ्याला होता.

ऊन घराच्या छपरावरच्या कवेलूंवरून खाली उतरलं तेव्हा तिनं एक गिलास भरला, पाहिला, आणि ओतला नाही. माझ्या हातात दिला.

तळाशी गाळ बसला होता. वर पाणी नितळ होतं.

मॅडम पायरीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रल्हाद म्हणाला, "आता तरी चहा सांगा वयनी, खरा." सगळे हसले. मीही हसलो.

चहा पिताना मॅडमनी वही काढली. त्यांना वर लिहून पाठवायचं होतं. "वळणाची पट्टी गेली कशी? मशीनवाल्यानं काठ खरवडला का?"

एक जण म्हणाला, "मशीनच असन. थे कोठी पाहते, काठ का मधात."

दुसरा म्हणाला, "हो, मशीनच."

प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलं. मी चहाकडं पाहिलं. त्याला वाटलं असेल, मी बोलेन. मला वाटलं, तो बोलेल. कोणीच बोललं नाही. मॅडमनी लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर वयनी गिलास घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "ह्यायनी सांगून ठेवलं होतं, कोन मिशीले हात लावन तं किसना त्याचा हात धरन. तुमी होते न तिथं, मशीन चालली तवा?"

"होतो," मी म्हटलं.

एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही, आणि एवढं मोठं खोटं जन्मात बोललो नव्हतो.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. म्हशीपुढं हिरवा चारा होता, तिकडं मला पाहवेना. तो ड्रायव्हर झाडाखाली डबा खाताना डोळ्यासमोर येत होता. काका, द्या मी काढतो, म्हणाला होता. त्याच्या नावावर आता हे बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी पोतं आणि कुदळ घेऊन वरच्या बंडीपुलापाशी गेलो. तिथं लव्हाळा चांगला दाट आहे. मुळाला मातीचा गोळा राहील असे गड्डे काढले, ओल्या पोत्यात भरले आणि तिथूनच मॅडमना फोन केला. म्हटलं, अहवालात मशीनवाल्याचं नाव टाकू नका. ती पट्टी मी खणली, दहा लोकांसमोर, रागानं. त्या म्हणाल्या, "काका, लेखी द्यावं लागेल." मी म्हटलं, देतो, अक्षर वाईट आहे, सांभाळून घेजा.

वळणावर आलो. पाणी उतरलेलं होतं, पऱ्हाटीच्या पेंढ्यांत रात्रभरात बोटभर गाळ बसला होता. पेंढ्यांच्या मधात, त्या नव्या गाळातच मी बसलो. पहिला गड्डा वयनीच्या दाराच्या बरोबर वर लावला.

ती बकऱ्या घेऊन पाळीवर आली आणि उभी राहिली. मी मान वर न करता सगळं सांगितलं. मीटिंग, म्हैस, विळा, फावडं. बकऱ्या लव्हाळ्याच्या पोत्याकडं वळल्या तेव्हा तिनं त्यांना काठीनं मागं हाकललं.

"म्हस लांब बांधजा," ती म्हणाली आणि खाली उतरली.

मी वीतभर सरकलो, मनगटापर्यंत हात गाळात घातला आणि दुसरा गड्डा लावला.